तारेच्या आतले सोलापूर

सोलापूरच्या माणसाला चार हुतात्म्यांची नावे आठवावी लागत नाहीत, ती तोंडावर असतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिले गेले. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची धामधूम, नंदीध्वजांच्या मिरवणुकीची तयारी चालू असते त्याच दिवसांत हुतात्मा दिन येतो आणि चार पुतळ्यांना हार पडतात. हा संग्रह हाती घेणाऱ्याला वाटेल की तीच गोष्ट पुन्हा सांगायची आहे. ती सांगायलाच हवी, आणि सुरुवात तिथूनच करतो. पण या पानांचा मुख्य विषय आहे याच शहरातली सेटलमेंट, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची कुंपणातली वसाहत. तिथे खितपत पडलेल्या माणसांची नावे शहराला तोंडपाठ नाहीत.

आधी १९३०. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहावरून धरपकड झाली, जमाव उसळला, पोलिसांनी गोळीबार केला. शंकर शिवदारे हा तरुण त्या दिवशी गोळीला बळी पडला. मग जमावाने चौकी पेटवली, कोर्ट पेटवले, पोलीसही मारले गेले. पोलीस शहर सोडून गेले आणि काही दिवस रस्त्यांवरचा बंदोबस्त काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिला. इंग्रज सरकारला दंग्यापेक्षा हे जास्त झोंबले असावे असे मला वाटते. सरकार नसतानाही शहर चालते हे लोकांनी पाहिले होते. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत, म्हणजे ४९ दिवस राहिला.

त्या ४९ दिवसांत गांधी टोपी घालणे हा गुन्हा होता. राष्ट्रीय झेंडा लावणे हा गुन्हा होता. टोपी हाच गुन्हा ठरला की साक्षीपुराव्याची कटकट उरत नाही. डोके दिसले की गुन्हेगार सापडला. शिपायाने रस्त्यात अडवायचे, टोपी काढायला लावायची, नाही काढली तर फटका आणि कैद. ज्याने कुणाला दगडही मारला नव्हता अशा माणसाला शत्रू ठरवायला एवढे पुरत होते. पुढे चौघांवर पोलिसांच्या खुनाचा खटला चालला, अपिले फेटाळली गेली आणि फाशी झाली. हे चौघे खुनी होते असे सोलापूरने कधीच मानले नाही. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवणारा कामगार कार्यकर्ता, शिंदे युवक संघटनेतला, धनशेट्टी आणि सारडा काँग्रेसच्या कामातले. सरकारला शहराला धडा शिकवायचा होता, आणि त्यासाठी शहर ज्यांना ओळखत होते अशी माणसे लागत होती.

हा इतिहास लिहिला गेला आहे, शिकवला जातो, त्याचा चौक आहे. मार्शल लॉविरुद्ध बोलणारे वकील होते, वर्तमानपत्रे होती, देशभरातले पुढारी होते. शत्रू ठरवल्या गेलेल्यांना आवाज होता.

आता त्याच वर्षी, त्याच शहरात, तारेच्या कुंपणाच्या आत काय चालले होते ते पाहू.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तर चोराचा मुलगा चोरच होणार. जातिव्यवस्थेचा इतका भाबडा आणि इतका क्रूर अर्थ दुसऱ्या कुणी लावला नसेल. सुरुवातीला हा कायदा उत्तरेकडे लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो देशभर, मुंबई इलाख्यातही लावण्याची सोय झाली आणि १९२४ साली तो पुन्हा एकत्रित स्वरूपात मांडला गेला. पारधी, कैकाडी, भामटा, टकारी, मांग गारुडी, घंटीचोर, कंजारभाट अशा जमातींची नावे वेगवेगळ्या वेळी सरकारी अधिसूचनांत चढत गेली.

कायद्याची कलमे वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यांची भाषा अगदी शांत आहे. प्रांतिक सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की ती अधिसूचना बरोबर की चूक, हे कुठल्याही न्यायालयाने विचारायचे नाही. हे कायद्यातच लिहून ठेवले होते. नोंद झालेल्या माणसाला ठरल्या वेळी हजेरी लावायला लावता येत होते, त्याच्या बोटांचे ठसे घेता येत होते, परवानगीशिवाय गाव सोडायला बंदी घालता येत होती. संशयास्पद परिस्थितीत सापडला, एवढ्यावर तीन वर्षांपर्यंत कैद होती. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. तोच गुन्हा दुसऱ्या जातीच्या माणसाने केला तर शिक्षा निराळी. आणि सहा वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत टाकण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला होता. वाचकाने क्षणभर थांबावे आणि आपल्या घरातले सहा-सात वर्षांचे पोर डोळ्यांसमोर आणावे. बाप चोर असेल या शक्यतेवर ते पोर घरातून उचलले जात होते.

सोलापूरला सेटलमेंट का आली हे समजायला गिरण्यांकडे पाहावे लागते. १८७७ ची जुनी मिल, नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्यांना मजूर हवे होते. सरकारला भटकी माणसे एका जागी, नजरेखाली हवी होती. दोन्ही गरजा कुंपणाच्या आत भेटल्या. मुंबई इलाख्यात ही व्यवस्था उभी करणारा अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट. सोलापूरची सेटलमेंट इलाख्यातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक झाली. काही काळ तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. उमेदपूर हे नाव त्याच काळातले.

तिथला दिवस कसा जात असे याची कल्पना नियमांवरून येते आणि जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरूनही. सकाळी हजेरी. रांगेत उभे राहायचे, नाव पुकारले की ओ द्यायची. मग गिरणी. पाळी सुटली की सरळ घरी यायचे. वाटेत मंगळवार बाजारात रेंगाळणे, ओळखीच्याकडे बसणे, दुसऱ्या गावी नातलगाच्या लग्नात एक मुक्काम जास्त करणे, या सगळ्याला पास लागत असे आणि पासावर वेळ लिहिलेली असे. वेळ टळली की गुन्हा. रात्री पुन्हा हजेरी. आजारी माणूस, बाळंतीण, म्हातारा, प्रत्येकाचे नाव वहीत. चांगल्या वागणुकीचा शेरा मिळाला तर कुंपणाबाहेर फ्री कॉलनीत राहायला मिळे, तेही देखरेखीखालीच. आजही सोलापुरात पत्त्यात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे लिहिले जाते आणि त्यापुढे क्रमांक येतो.

आता या व्यवस्थेतली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. स्टार्ट हा दुष्ट माणूस नव्हता. आपण या लोकांचे भले करतो आहोत अशी त्याची खरोखर समजूत होती. वसाहतींत शाळा चालत होत्या, धंदेशिक्षण होते, दवाखाने होते. मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी समाजांच्या प्रश्नांवर १९२८ साली एक समिती नेमली, तिचे अध्यक्षपद स्टार्टकडे होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० साली तिचा अहवाल आला. म्हणजे ज्या वर्षी सोलापुरात टोपी घालणाऱ्याला फटके पडत होते, त्याच वर्षी त्याच सरकारचा एक अधिकारी दलितांच्या उन्नतीच्या शिफारशी लिहीत होता, आणि त्याच्याच हाताखालच्या वसाहतीत माणसे रात्री हजेरीला उभी राहत होती. मनात दया असलेला माणूसही कुंपण बांधू शकतो. किंबहुना असे कुंपण जास्त दिवस टिकते, कारण ते तोडायला कुणी येत नाही.

मार्शल लॉ ४९ दिवस टिकला. हजेरी पिढ्यान्‌पिढ्या चालली. मुंबई प्रांताने १९४९ साली आणि भारत सरकारने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. म्हणून या कायद्यातून सुटलेला विमुक्त समाज ३१ ऑगस्टला आपला मुक्तिदिन मानतो, आणि तो मानण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

पण कायदा गेला तरी वही गेली नाही. मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीचे नाव नव्हते, प्रत्येक माणसाची नोंद स्वतंत्र होणार होती. कागदावर हा फरक मोठा आहे. ठाण्यात मात्र नोंद कुणाची होते, हे पारधी वस्तीत जाऊन विचारावे. गावात घरफोडी झाली की रात्री पालावर धाड पडते. पुरुष सापडले नाहीत तर बायकांना नेतात. पोरे रडतात, भांडी फेकली जातात. “रेकॉर्डवरचे आहेत” एवढे एकच वाक्य सांगितले जाते. हे सगळे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त, लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त, भीमराव गस्तींच्या ‘बेरड’मध्ये आपण वाचले आहे, त्यांना पुरस्कार दिले आहेत, अभ्यासक्रमांत लावले आहेत. पुस्तके वाचून हळहळलेला मराठी वाचक आणि पालावरच्या धाडीची बातमी सकाळी चहाबरोबर वाचणारा मराठी वाचक एकच आहे. दोन्ही वेळा त्याच्या मनात वेगळे विचार का येतात, याचे उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही.

१९९८ साली बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी तरुण पोलीस कोठडीत मेला. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर हा विमुक्त जमातीतला माणूस असाच कोठडीत मारला गेला होता, आणि महाश्वेतादेवी, गणेश देवी, लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी देशव्यापी काम उभे केले. दोन टोकांची दोन राज्ये, दोन वेगळ्या भाषा, आणि कोठडीतले दोन मृत्यू एकाच साच्यातले. हा साचा १८७१ साली ओतला गेला होता.

हा संशय फक्त पोलिसांपुरता राहिलेला नाही, हे २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवले. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ठेचून मारले. त्यांतले बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत हिंडणारे. मारहाण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झाली. जमावाला शिक्षा व्हावीच. पण अनोळखी, भटका, झोळीवाला माणूस दिसला की तो चोर असणार, हे लोकांना शंभर वर्षे सरकारनेच शिकवले होते.

आणि मग परभणी. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन झाले, हिंसा झाली, धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा, वडार समाजातला तरुण अटकेत होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. पोलिसांनी मारहाण केली नाही असे सरकारकडून विधानसभेत सांगितले गेले. त्याच्या आईने न्यायालय गाठले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. ज्या संविधानासाठीच्या आंदोलनात तो पकडला गेला, त्या संविधानाच्या २१ व्या कलमात जगण्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि त्याच्या मृत्यूचा साधा गुन्हा नोंदवून घ्यायला सहा महिन्यांहून जास्त काळ लागला. वडार ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतली जात आहे. मी एवढेच नोंदवतो. निष्कर्ष वाचकाने काढावा.

मारहाणीच्या बाजूने बोलणारे लोक आपल्या घरातच असतात, म्हणून त्यांच्याशी दोन शब्द बोलले पाहिजेत. “मारल्याशिवाय चोर कबूल होत नाही” हे वाक्य मी शिक्षकांकडून, डॉक्टरांकडून, देवळात भेटलेल्या सज्जन माणसांकडून ऐकले आहे. त्यांना हे माहीत नसते की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या पुरावा कायद्यापासून न्यायालयात चालत नाही. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो चालत नाही. मग मारतात कशासाठी? मुद्देमालासाठी. कबुलीजबाब चालत नाही, पण आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. म्हणून निवेदन पंचनामा लिहिला जातो, पंच सही करतात, दागिने कुठून तरी निघतात. कायद्याने कबुलीचा दरवाजा बंद केला आणि खिडकी उघडी ठेवली. टायर, पट्टा, उलटे टांगणे, तळपायावरचे फटके हे सगळे त्या खिडकीतून आत येते. ज्याच्यावर आधीच चोराचा शिक्का आहे तो या मारात सगळ्यात स्वस्त पडतो. त्याच्यासाठी वकील येत नाही, आमदाराचा फोन येत नाही.

कायदे करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असेही नाही. १८५४ साली मद्रास इलाख्यात छळाची चौकशी करायला आयोग बसला होता आणि महसूल वसुलीसाठी रयतेचा कसा छळ होतो हे त्याने लिहून ठेवले. १८६० च्या भारतीय दंडविधानातल्या ३३० व्या कलमाखाली जी उदाहरणे दिली होती, त्यांतले पहिलेच पोलीस अधिकाऱ्याचे आहे, जो कबुली काढण्यासाठी एकाचा छळ करतो. पुढच्या एका उदाहरणात महसूल अधिकारी आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर छळ करणारा माणूस म्हणून सरकारी नोकरच उभा होता. आजच्या न्याय संहितेत हे कलम १२० झाले आहे. तेव्हा पोलीस कोठडीत छळ होतो हे मान्य करायला आपल्याला नवा पुरावा लागत नाही. तो आपल्या कायद्याच्या पोटात दीडशे वर्षांपासून आहे. लागते ती कलम लावण्याची इच्छा.

भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ साली सही केली. त्याला मान्यता मात्र अजून दिलेली नाही. २०१० साली छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत चिकित्सा समितीकडे गेले आणि पुढे बारगळले. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले, त्यांचे फलक आजही पोलीस ठाण्यांच्या भिंतींवर दिसतात. २०२० साली परमवीर सिंग सैनी खटल्यात कोठड्यांसह सगळ्या ठाण्यांत सीसीटीव्ही बसवायला सांगितले. विधी आयोगाने १९८५ साली, आणि पुन्हा २०१७ साली २७३ व्या अहवालात, कोठडीत जखम झाली तर ती कशी झाली हे पोलिसांनी सिद्ध करावे अशी शिफारस केली. ही शिफारस अमलात आली तर पालावरच्या माणसाची बाजू पहिल्यांदा थोडी जड होईल. ती अमलात यावी म्हणून हा संग्रह आहे, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

सोलापूरला या लढ्यात खास स्थान आहे. बाळकृष्ण रेणके यांच्यासारखा माणूस इथून उभा राहिला आणि भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचा अध्यक्ष झाला, त्या आयोगाचा अहवाल २००८ साली सरकारला दिला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतल्या जातिभेदाबद्दल निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींना सराईत समजणाऱ्या तुरुंग नियमांवर बोट ठेवले. हळूहळू का होईना, वहीची पाने फाटत आहेत.

पुढील पानांत मार्शल लॉवरचे लेख आधी आणि सेटलमेंटचे नंतर आहेत. वाचकाने ते उलट क्रमाने वाचले तरी चालेल. मला स्वतःला तोच क्रम जास्त बरोबर वाटतो. सेटलमेंट कळली की मार्शल लॉमधले सरकार नवे वाटत नाही, त्याचे हात आधीच सरावलेले होते हे कळते. आठवणींत मारहाणीची वर्णने आहेत, ती सौम्य केलेली नाहीत, कारण ज्यांनी सोसले त्यांनी ती तशीच सांगितली. १९३० च्या लेखांतली नावे खरी आहेत. सेटलमेंटच्या आणि आजच्या आठवणींतली बरीच नावे बदलली आहेत, कारण सांगणाऱ्यांना उद्या पुन्हा त्याच ठाण्यात जावे लागणार आहे.